मोबाईल कंपन्यांचं नवं कस्टमर केअर आणि ग्राहकाचं समाधान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा वर्षं मी पुण्यात एका मोबाईल कंपनीसाठी हेडसेट लावून बसत होतो. ती नोकरी सोडूनही आता बराच काळ लोटला, पण ओळखीपाळखीतून प्रश्न येतच राहतात: ‘तू तिथे होतास ना, मग सांग…’ त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. घाई असेल तर थेट हव्या त्या प्रश्नावर जा, प्रत्येक उत्तर आपल्यापुरतं पूर्ण आहे.

१. ॲप आलं, व्हॉट्सॲपवर बॉट आला. याला सेवा सुधारली म्हणायचं का?

कॉल संपला की किती पैसे कापले आणि किती उरले हे स्क्रीनवर दिसायला लागलं, ती माझ्या मते प्रीपेडमधली सगळ्यात गुणी सुधारणा. तिच्या जाहिराती झाल्या नाहीत, पण ‘माझे पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न विचारायची वेळच त्या एका ओळीने पुष्कळदा येऊ दिली नाही. यूपीआयवरून रिचार्ज, घरपोच सिम, ई-सिम ही त्याच जातीची. ग्राहकाला फोन करायची गरजच पडू नये, हा त्यांचा गुण.

दुसरी जात कंपनीचा खर्च वाचवणारी. माणसाच्या आधी मेनू, मेनूच्या आधी बॉट. जाहिरातीत दोन्हींचं नाव एकच, ‘नवं तंत्रज्ञान’. मी एकच कसोटी लावतो: या बदलामुळे ग्राहकाची एक फेरी वाचली की एक वाढली? वाढली असेल, तर ॲप कितीही देखणं असो, माणूस वैतागणारच.

२. कॉलनंतर ‘० ते १० पैकी गुण द्या’ असा मेसेज येतो. त्या गुणांचं पुढे काय होतं?

त्याला एनपीएस म्हणतात. ‘आमची सेवा तुम्ही मित्राला सुचवाल का?’ हा त्यातला प्रश्न. ९ आणि १० देणारे खूश धरतात, ७ आणि ८ देणारे ना इकडचे ना तिकडचे, आणि ० ते ६ देणारे सगळे नाराज. खूश लोकांच्या टक्केवारीतून नाराजांची वजा केली की कंपनीचा आकडा तयार.

गंमत इथेच आहे. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. भला माणूस ‘ठीक होतं की’ म्हणून ६ दाबतो, आणि तिकडे तो नाराजांच्या रकान्यात जाऊन बसतो.

शिवाय गुण द्यायचे असतात टॉवरला आणि ते पडतात एजंटच्या खात्यात. कॉल सेंटरच्या फ्लोअरवर सगळ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून चिडलेला कॉल आला की तो दुसऱ्या विभागाकडे ढकलायचा, म्हणजे सर्व्हे त्याच्या नावावर जातो. दुसरा आकडा एएचटीचा, म्हणजे एक कॉल सरासरी किती वेळ चालला. लासलगावच्या एका आजोबांना इंटरनेटचं सेटिंग समजावताना मी एकदा अकरा मिनिटं घेतली. आजोबांनी दहापैकी दहा दिले. टीम लीडरने मला बाजूला घेतलं ते अकरा मिनिटांवरून.

३. रेंजच नसेल तर कस्टमर केअरने कितीही गोड बोलून काय उपयोग?

उपयोग थोडाच. सेवेचा दर्जा मोजायची एक जुनी पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली, सर्व्हक्वाल नावाची. तिच्यात पाच गोष्टी तपासतात: दिसणारी साधनं, भरवसा, तत्परता, विश्वास वाटावा असं ज्ञान आणि आपुलकी. ग्राहकांच्या लेखी त्यातला भरवसाच सर्वांत मोठा ठरत आला. फोन लागतो का, लागलेला तुटत नाही ना, बाकी सगळं त्यानंतर.

आपल्याकडे हा भरवसा पैशांत मोजायचा प्रयत्नही झाला. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम काढला: कॉल तुटला तर कॉल करणाऱ्याला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये, १ जानेवारी २०१६ पासून. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. तेव्हापासून ‘कॉल ड्रॉपचे पैसे मिळतात ना?’ असं विचारणारे मला आजही भेटतात. मिळत नाहीत. मोठ्या बिघाडाचं मात्र काही मिळू शकतं, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

४. बॉट तेच तेच विचारतो. माणसाशी बोलायचा मला हक्क आहे की नाही?

आहे. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत फोनवरच्या मेनूची रचनाच ठरवून दिली आहे. पहिल्या पायरीवर भाषा, दुसरीवर तक्रार किंवा विनंतीचा प्रकार, तिसरीवर उपप्रकार आणि त्यातच एजंटशी बोलायचा पर्याय. दर्जाच्या नियमांप्रमाणे एजंटकडे जाणाऱ्या कॉलपैकी ९५ टक्के ९० सेकंदांच्या आत उचलले जायला हवेत.

हे नियम फोनच्या मेनूसाठी लिहिलेले आहेत, म्हणून माणूस गाठायचा असेल तर ॲपमधल्या चॅटपेक्षा फोन बरा.

बॉटला सरसकट नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. बिलाची प्रत, शिल्लक डेटा, प्लॅन कधी संपतो, सुरू असलेली कॉलर ट्यून बंद करणं, ही कामं तो आमच्यापेक्षा लवकर करायचा, आणि रात्री दोनलाही. गाडी अडते ती दोन गोष्टी एकात गुंतल्या की. ‘पोर्ट करून आलो, जुन्या नंबरावर बँकेचे ओटीपी येत नाहीत आणि बिल दोन्हीकडचं आलंय’ हे वाक्य बॉटला ‘बिल’ एवढंच ऐकू येतं. मग तो बिल पाठवतो.

५. १९८ आणि १२१ यांत फरक काय?

१९८ तक्रारीसाठी आणि फुकट. १२१ माहितीसाठी, त्यावर कंपनीप्रमाणे पैसे लागू शकतात. तक्रार असेल तर १९८ च लावा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या (प्रश्न ७) तिथे मिळणाऱ्या डॉकेट नंबरावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदणी क्रमांकावर, उभ्या असतात. नको असलेल्या जाहिरातींसाठी १९०९ हा वेगळा नंबर आहे, तो प्रश्न १० मध्ये.

६. मराठीतून तक्रार केली तर गांभीर्याने घेतात का, की हिंदी-इंग्रजीच बरी?

मराठीच निवडा. भाषेचा पर्याय मेनूच्या पहिल्याच पायरीवर असतो. परवान्याच्या हिशेबात मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळा, पण दोन्हीकडे मराठीची रांग असते.

आग्रह धरायचं कारण अभिमानापेक्षा व्यवहाराचं आहे. माणूस स्वतःच्या भाषेत बिघाड जास्त नेमका सांगतो. ‘रेंज येते-जाते’, ‘रेंज फुल आहे पण नेट नुसतं गोल गोल फिरतंय’ आणि ‘गच्चीवर गेलं की लागतो’ या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत टॉवर किंवा हँडसेट बघायचा, दुसरीत टॉवरवरची गर्दी किंवा सेटिंग, तिसरीत घरातलं कव्हरेज. हेच लोक हिंदीत बोलायला लागले की तिन्हींचं एकच व्हायचं, ‘नेटवर्क नहीं आता’, आणि आम्ही एकच टॅग लावून पुढे पाठवायचो. तक्रार चुकीच्या माणसाकडे गेली की दोन दिवस तिथेच संपले.

बोलून वापरायच्या बॉटची अडचण याच्या पुढची. पुस्तकी मराठी त्याला समजते, पण वऱ्हाडी किंवा मालवणी हेल आला की ‘क्षमस्व, पुन्हा सांगा’ सुरू होतं. तिसऱ्यांदा पुन्हा सांगणारा माणूस ओरडून सांगतो, आणि मग तर त्याला काहीच कळत नाही.

७. तक्रार सुटली नाही, तरी ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज आला. आता?

हे माझ्या घरीही झालंय. रस्ता खोदताना आमच्या सोसायटीची फायबरची वायर तुटली. मी ॲपवर तक्रार टाकली. संध्याकाळी मेसेज आला, तक्रार निकाली. खाली उतरून पाहिलं तर वायरचं टोक तसंच खड्ड्यात लोंबकळत होतं. पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली. चौथ्या दिवशी लाईनमन आला तो म्हणाला, ‘साहेब, तुमची आधीची दोन तिकिटं मला आलीच नाहीत.’ ठरल्या वेळेत तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद झालं की तक्त्यात हिरवा रंग येतो, आणि खड्डा त्या तक्त्यात दिसत नाही.

अशा वेळी आधी डॉकेट नंबर जपून ठेवा. तक्रार नोंदली की तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. निकाल पटला नाही किंवा मुदत उलटली, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही, ईमेल चालतो. पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, जरा तळाशी. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा.

बहुतेक लोक तीच तक्रार नव्याने नोंदवत बसतात. नव्या तिकिटाचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं, अपील मात्र जुन्याच तिकिटाचा हिशेब मागतं. म्हणून दुसऱ्यांदा तक्रार करण्यापेक्षा पहिल्यांदा अपील करा.

८. कस्टमर केअर सुधारण्यामागे पोर्टेबिलिटीची भीती आहे, हे कितपत खरं?

बरंच खरं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आधी २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आली, २० जानेवारी २०११ पासून देशभर, आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून (परवान्याच्या विभागातून) दुसऱ्यात जातानाही. आता महिन्याला एक कोटीहून जास्त विनंत्या येतात. मला विचाराल तर आपल्याकडच्या ग्राहकसेवेतली सगळ्यात मोठी सुधारणा कुठल्याही कंपनीने केलेली नाही, ती या नियमाने केली. १९०० वर पोर्टचा मेसेज टाकून पाहा. बारा दिवस फोन न उचलणारी कंपनी बारा मिनिटांत ‘सर, काही अडचण आहे का?’ म्हणून फोन करते. आमच्याकडे त्यासाठी वेगळी टीम होती आणि सगळ्यात चांगल्या सवलती तिच्याच हातात असायच्या.

पण पोर्ट झालेला प्रत्येक जण सेवेवर नाराज असतोच असं नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा लाखो लोक बीएसएनएलकडे गेले. तिचं कस्टमर केअर एका रात्रीत बदललं नव्हतं, प्लॅन स्वस्त होते इतकंच. ऑक्टोबरपर्यंत तिचे ग्राहक वाढले, नोव्हेंबरपासून पुन्हा घटू लागले. दरामुळे आलेला माणूस रेंजमुळे परत जातो. उलटंही दिसतं. वर्षानुवर्षं शिव्या घालत एकाच कंपनीत राहणारे कमी नाहीत, कारण घरात त्याच कंपनीची रेंज येते. ते टिकून आहेत म्हणून त्यांना समाधानी म्हणायचं का, हे कंपन्यांच्या अहवालांत कुणी विचारत नाही.

९. मी पोर्टचा मेसेज टाकला, पण कोडच आला नाही. का?

डिसेंबर २०१९ पासून पात्रता आधीच तपासली जाते, म्हणून अपात्र माणसाला कंपनी बदलायला लागणारा हा कोड मिळतच नाही. नेहमीची कारणं अशी: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलंय, नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज सुरू आहे किंवा कोर्टात वाद आहे. एक कारण नवं आहे आणि लोकांना हमखास चकवतं: १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस कोड मिळत नाही. सिम हरवलं, दुकानातून नवं घेतलं आणि त्याच तिरमिरीत पोर्ट टाकला की हेच होतं. सिम-स्वॅपच्या (दुसऱ्याच्या नंबराचं सिम लबाडीने काढून घेण्याच्या) फसवणुकीला आळा घालायला ते आणलंय, त्यामुळे सात दिवस थांबा.

कोड आला की आपल्याकडे तो ४ दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये पोर्ट व्हायला ३ कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये किंवा कंपनीच्या नावावरच्या नंबराला ५.

१०. आता कॉल येतानाच ‘स्पॅम’ असं दिसतं. याने खरंच फरक पडलाय का?

पडलाय, आणि प्रश्न १ च्या कसोटीला उतरणारी ही सुधारणा आहे. ग्राहकाला काहीच करावं लागत नाही. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये असा इशारा नेटवर्कवरूनच द्यायला सुरुवात केली, वेगळं ॲप लागत नाही.

अडचण होते ती समोरच्या बाजूला. दिवसाला शंभर कॉल करणारा कुरिअरवाला, डबेवाल्या ताई, क्लासचं ऑफिस यांच्या नंबरावर तोच शिक्का बसला की त्यांचा फोन कुणी उचलत नाही. म्हणजे कॉल घेणारा खूश, करणारा हवालदिल, आणि दोघंही ग्राहकच. शिक्का चुकीचा असेल तर १९८ वर रीतसर तक्रार नोंदवा.

ओळखायची सोपी खूण: १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातीचे, १६०० ने सुरू होणारे बँक, विमा वगैरेंच्या सेवेचे. साध्या दहा आकडी नंबरावरून कर्ज विकत असतील तर १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे कॉल अडवण्याच्या) ॲपवर तक्रार करा. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर कॉल आल्यापासून ७ दिवसांत तक्रार करता येते (आधी ३ होते), डीएनडीत नाव नसलं तरी चालतं, आणि नोंदणी नसलेल्या अशा नंबरावर ५ दिवसांत कारवाई व्हायला हवी.

११. आमच्याकडे दीड दिवस नेटवर्क नव्हतं. भरपाई मिळते का?

मिळू शकते, पण अटी नीट वाचा. ट्रायचे सेवा-दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, भरपाईचा भाग १ एप्रिल २०२५ पासून. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वैधता वाढवून मिळते.

‘जिल्हा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तुमच्या गल्लीतला एक टॉवर बंद पडला तर ते यात बसत नाही, ती प्रश्न ७ ची साधी तक्रार. पूर, वादळ यांसारख्या आपत्तीतला बिघाडही वगळलेला आहे. म्हणजे जेव्हा फोनची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तोच दिवस हिशेबात नाही. कंपनीची बाजू मला समजते, तरी खटकतंच.

१२. बिघाडानंतर चांगली दिलगिरी आणि थोडी भेट मिळाली की ग्राहक आधीपेक्षा खूश होतो, असं ऐकलंय. खरं का?

कधी कधी. १९९२ मध्ये या कल्पनेला ‘सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स’ असं नाव मिळालं आणि ट्रेनिंगमध्ये ती आम्हाला मंत्रासारखी शिकवली. पुढच्या अभ्यासांत चित्र तितकं गोड राहिलं नाही. समाधानाचा आकडा वाढतो, पण म्हणून माणूस तिथेच टिकतो असं दिसत नाही. माझा अनुभवही तोच. पहिल्या चुकीला दिलेला एक जीबी डेटा लोक कौतुकाने सांगतात. तीच चूक दुसऱ्या महिन्यात झाली, की ‘तुमचा जीबी ठेवा तुमच्याकडेच’.

१३. आईकडे बटणांचा फोन आहे. या सगळ्या नव्या सोयींत तिला काय?

कमी, पण शून्य नाही. १९८ आणि १९०० वरचा मेसेज साध्या फोनवरूनही चालतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. आईला डेटा नकोच असेल तर दुकानदाराला हा पॅक नाव घेऊन मागा, तो आपणहून क्वचितच सांगतो.

गल्ल्यावरच्या त्या दुकानदाराला मात्र कमी लेखू नका. गावाकडे अजूनही तोच खरा कस्टमर केअर. तो आईचा फोन हातात घेतो, बॅटरी काढून सिम पुसून पुन्हा बसवतो आणि म्हणतो, ‘काकू, आता लावून बघा.’

१४. ग्राहक आयोगात जाता येतं का? एकाने सांगितलं, टेलिकॉमला तो कायदाच लागू नाही.

सांगणारा २००९ मध्ये अडकलाय. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने टेलिग्राफ कायद्याच्या कलम ७-ब च्या आधारे असे वाद लवादाकडे न्यावेत असं म्हटलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी तक्रारी दारातूनच परत गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने खासगी मोबाईल कंपनीच्या प्रकरणात ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असल्याचा स्पष्ट निर्वाळा दिला.

ट्रायकडे वैयक्तिक तक्रारी सुटत नाहीत, ती नियम करणारी संस्था. टीडीसॅटमध्ये, म्हणजे टेलिकॉमचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, ग्राहकांचा गट जाऊ शकतो, एकटा ग्राहक नाही. एकट्यासाठी जागा म्हणजे जिल्हा आयोग, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातलाही चालतो. सेवेपोटी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर तक्रार टाकून पाहा, पुष्कळदा तिथेच काम होतं.

कनेक्शन धंद्यासाठी असेल तर कंपनी ‘हे ग्राहकच नाहीत’ असा मुद्दा काढेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून चालवलेला धंदा असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो, पण ते कागदावर दाखवावं लागतं. रिक्षाचं परमिट, दुकानाची नोंदणी, काहीही. त्याबरोबर डॉकेट नंबर, अपिलाचा ईमेल आणि ‘तक्रार सोडवली आहे’ या मेसेजचा स्क्रीनशॉट तारखेसकट जोडा.